पुरणपोळीचा ताळेबंद

धुळवडीच्या सकाळी सहज म्हणून वजनकाट्यावर उभं राहावं, तर आकडा आदल्या दिवसापेक्षा दीड किलोने वाढलेला दिसतो. आदल्या दुपारी होळीचं जेवण झालेलं असतं: तीन पुरणपोळ्या, वर तूप, कटाची आमटी, भात, कुरडई, पापड, दोन-चार भजी. हे सगळं ताट एकत्र करून तराजूत घातलं तरी किलोच्या आतच भरेल. मग दीड किलो आलं कुठून?

हा आकडा पाहून घरोघरी दोन गोष्टी होतात. कोणी घाबरून दिवसभर काही खात नाही आणि रात्री भुकेने कासावीस होऊन मटणाच्या रश्शावर तुटून पडतं. कोणी म्हणतं, आता बिघडलंच आहे तर सण होऊन जाऊ दे, सोमवारपासून बघू. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे. आपलं शरीर हिशोब कसा ठेवतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

हिवरे बाजारची वही

हिशोबाची ही रीत समजून घ्यायला लांब जायला नको. आता अहिल्यानगर झालेल्या आपल्या नगर जिल्ह्यात, नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. अवर्षणप्रवण पट्ट्यातलं हे गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला हे मोजायचं, जमिनीत किती मुरलं याचा अंदाज घ्यायचा आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं: आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग पिकांचं. पाऊस कमी, तर उन्हाळी पिकं कमी. जास्त पाणी पिणाऱ्या ऊस-केळीला गावाने बंदी घातली.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एखाद्या रात्री धो-धो पाऊस पडला म्हणून कोणी तिथे ऊस लावत नाही आणि आठवडाभर उघडीप पडली म्हणून प्यायचं पाणीही बंद करत नाही. एका दिवसाच्या आकड्यावर तिथे निर्णय होत नाहीत. आवक-जावक दीर्घ मुदतीची बघितली जाते. गावाला पाणी साठवायचं असतं आणि आपल्याला चरबी साठवायची नसते, एवढा फरक सोडला तर शरीराचाही कारभार असाच चालतो. चरबी वाढेल की घटेल, हे एका ताटावर ठरत नाही. कित्येक दिवसांची आवक आणि जावक यांच्यातल्या फरकावर ते ठरतं. आठवडा हे त्यासाठी सोयीचं माप आहे, कारण आपला बाजार, सुट्टी, उपास, सगळं आठवड्यालाच बांधलेलं असतं.

एका पोळीत किती ऊर्जा असते?

अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजतात. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती आहाराच्या भाषेतली एक कॅलरी. (शास्त्राच्या पुस्तकात तिला किलोकॅलरी म्हणतात, पाकिटांवर आणि बोलण्यात कॅलरीच चालते.)

आता पोळीचा हिशोब. किलोभर हरभरा डाळ आणि किलोभर गूळ यांच्या पुरणाच्या साधारण पंचवीस-तीस पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत सुमारे ३५ ग्रॅम डाळ, तेवढाच गूळ आणि ३० ग्रॅम कणीक. डाळीच्या सव्वाशे कॅलरी, गुळाच्या सव्वाशे-एकशेतीस, कणकेच्या शंभर, वर चमचाभर तूप सोडलं की पंचेचाळीस. बेरीज चारशेच्या घरात जाते. एवढ्या उष्णतेने पाच लिटर थंड पाणी उकळीला आणता येईल. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या निम्म्या, साधारण दोनशे कॅलरी असतात.

ही झाली आवक. जावक किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात. घरातला जुना, पिवळा, शंभर वॅटचा बल्ब दिवसरात्र चालू ठेवायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढीच ही. त्यातली बरीचशी आपण काहीही न करता खर्च होते: हृदयाची धडधड, श्वास, मेंदू, यकृत, अंगाची ऊब. अवजड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला मात्र त्याच संस्थेच्या हिशोबाने ३,४७० कॅलरी लागतात. फरक १,३६० कॅलरींचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन पुरणपोळ्यांचा.

या साडेतीन पोळ्यांत आपल्या सणाच्या ताटाचा इतिहास आहे. जे ताट आपण आजही वाढतो, ते नांगरामागे चालणाऱ्या, मोट हाकणाऱ्या, दिवसभर वाकून ज्वारी काढणाऱ्या माणसांनी ठरवलेलं आहे. वर्षातून मोजक्या वेळा त्यांना तूप-गूळ पोटभर मिळायचा आणि तो त्यांच्या अंगात जिरायचा. आज शेतात ट्रॅक्टर आहे, विहिरीवरची मोटार मोबाइलवरून सुरू होते, तालुक्याला जायला मोटारसायकल आहे. ताट तेच राहिलं, जावक मात्र घटली.

डबा आणि कणगी

पुन्हा त्या दीड किलोकडे येऊ. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो चरबी अंगावर चढायची, तर रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे नेहमीचं जेवण जेवून वर एकोणतीस पुरणपोळ्या. पैज लावूनही हे कोणाला जमणार नाही. तेव्हा काट्यावर दिसणारं ते वजन चरबीचं नाही.

ते बहुतांशी पाणी आहे. ते का साठतं, हे समजायला जुन्या घरातली धान्याची व्यवस्था डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाकघरात रोजच्या वापराचा पिठाचा डबा असायचा आणि माजघरात शेणामातीने लिंपलेली मोठी कणगी. डबा लहान, हाताशी, रोज भरायचा नि रोज उपसायचा. कणगी वर्षाची बेगमी.

शरीरातला डबा म्हणजे ग्लायकोजेन. कणीक, गूळ, भात यांच्यापासून बनलेली साखर रक्तात येते आणि तिच्या साखळ्या गुंफून यकृत नि स्नायू ती साठवून ठेवतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून तीन-चारशे ग्रॅम, एवढीच या डब्याची क्षमता. मात्र ग्लायकोजेन कोरडं राहत नाही. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. रोजच्या धावपळीत डबा थोडा रिकामा झालेला असतो. होळीच्या जेवणाने त्यात अडीचशे ग्रॅमची भर पडली, तर पाण्यासकट ते वजन किलोभर होतं. त्यात आमटी, पापड, कुरडई, भजी यांतल्या मिठाची भर. तीन ग्रॅम मीठ जास्त खाल्लं, की मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत शरीर पाव लिटरहून जास्त पाणी धरून ठेवतं. शिवाय आतड्यांतून पुढे सरकत असलेलं अन्न आहेच. दीड किलोचा हिशोब लागला. दोन-चार दिवस नेहमीचं जेवण झालं, की हे पाणी आपसूक उतरतं. तेवढे दिवस काट्यावर उभंच राहू नये, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत आलो आहे.

कणगी म्हणजे चरबी. तिला तळ नाही. पण कणगीत भर पडण्याची रीत थोडी आडवळणाची आहे. गुळाची साखर शरीर सहसा लगेच चरबीत बदलत नाही. आधी डबा भरतं, मग जळण म्हणून साखरच जाळायला घेतं. पण साखर जळत असेल, तर चरबी जाळायची गरज उरत नाही. मग पोळीवरचं तूप आणि भज्यांचं तेल सरळ कणगीत जातं. भर तुपा-तेलाची पडते, पण गुळाने तिला वाट करून दिलेली असते.

एका जेवणाने काय बिघडतं?

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा निरोगी तरुणांना एकदा समाधान होईपर्यंत पिझ्झा खायला दिला आणि दुसऱ्या एका दिवशी आता घासभरही जाणार नाही, इथवर. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळपास दुप्पट, सुमारे ३,००० कॅलरी खाल्ल्या. तरीही रक्तातली साखर नेहमीच्या जेवणाइतकीच राहिली आणि रक्तातली चरबीही थोडीच वाढली. शरीराने जादा इन्सुलिन सोडून आणि हृदयाची गती वाढवून तो भार पेलला.

निरोगी शरीर एक मेजवानी निभावून नेतं, एवढंच यातून दिसतं. मधुमेह असलेल्या किंवा साठी उलटलेल्या माणसांचा हा प्रयोग नव्हता, हे मात्र विसरू नये.

हा भार पेलायला मदत कशाची होते, तर काम केलेल्या स्नायूंची. हिवरे बाजारच्या डोंगरउतारावर समतल चर खोदले, तेव्हा आधी वाहून जाणारं पावसाचं पाणी तिथेच मुरू लागलं. स्नायूंचंही तसंच आहे. होळीच्या आदल्या दिवशी आणि होळीच्या सकाळी तासभर भरभर चालणं, शेतात काम, होळीसाठी लाकडं-गोवऱ्या गोळा करण्याची धावपळ, काहीही झालं असेल तर स्नायूंतलं ग्लायकोजेन उपसलं जातं आणि दुपारची साखर तिथे मुरायला जागा तयार होते. जेवणानंतरची शतपावली हाही असाच चर आहे. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. आजोबा शंभर पावलं म्हणायचे. दहा-पंधरा मिनिटं चाललात, तर त्याचा परिणाम मधुमेह्याच्या साखर मोजायच्या यंत्रावरसुद्धा दिसतो.

आठवडा मांडून बघू

आता प्रत्यक्ष ताळेबंद. बैठं काम करणारा पुरुष, गरज रोज २,१००. होळीचं दुपारचं जेवण १,८०० कॅलरींचं धरा. सकाळचा चहा-नाश्ता, रात्रीचं थोडं खाणं आणि रात्री दुधाबरोबर आणखी एक पोळी, असं मिळून दिवसाचे ३,०००. दुसऱ्या दिवशी धुळवड. आपल्याकडे धुळवडीला बऱ्याच घरांत मटण शिजतं. तर्रीचा रस्सा, दोन बाजरीच्या भाकरी, भात. दिवसाचे २,६०० धरू.

| चौकट: होळीचा आठवडा | खाल्लेल्या कॅलरी | गरजेपेक्षा |
|---|---|---|
| होळी | ३,००० | ९०० जास्त |
| धुळवड | २,६०० | ५०० जास्त |
| उरलेले पाच दिवस, रोज | १,८२० | २८० कमी |
| सात दिवसांची बेरीज | १४,७०० | बरोबर |

दोन दिवसांचा जादा भार १,४०० कॅलरींचा. काहीच केलं नाही आणि तो सगळा चरबीत गेला असं धरलं, तरी १८० ग्रॅम. पाच दिवसांत तो फेडायचा, तर रोज २८० कॅलरी कमी. म्हणजे एक भाकरी आणि एक गोड चहा. एवढंच. उपाशी राहायची, लिंबूपाण्यावर दिवस काढायची काही गरज नाही.

ही कपात कुठे करायची, याला महत्त्व आहे. डाळ, उसळ, दही, अंडी, पालेभाजी यांना हात लावू नये. त्यांनी पोट भरतं आणि भूक लांबते. कात्री लावायची ती चहातल्या साखरेला, संध्याकाळच्या फरसाणाला, फोडणीच्या तेलाला आणि रात्रीच्या एका भाकरीला. हुलग्याचे शेंगोळे, मेथीची पातळ भाजी, ताक, मुळ्याची कोशिंबीर: आपल्या जिल्ह्यातलं साधं रोजचं जेवण या कामाला उत्तम आहे. त्यासाठी परदेशी बिया आणि पावडरींवर पैसे घालवणारी माणसं पाहिली, की मला खरोखर वाईट वाटतं.

हे पाच दिवस सगळे सणानंतरच यायला हवेत असंही नाही. दोन आधी, तीन नंतर, असे घेता येतात. फक्त होळीच्या सकाळी उपाशी राहू नये. रिकामं पोट भुकेचा संदेश पाठवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडत राहतं, तर पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात. वखवखलेला माणूस त्या वीस मिनिटांत दोन पोळ्या जास्त खाऊन मोकळा होतो. सकाळी वाटीभर मोडाची उसळ किंवा दोन अंडी खाल्लेल्या माणसाला तिसऱ्या पोळीपाशी आपलं आपण थांबता येतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण टाळून भरपाई करणं धोक्याचं आहे. साखर एकदम खाली जाऊ शकते. अशांनी, तसंच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा हिशोब डॉक्टरांना विचारूनच करावा. वाढत्या वयाच्या मुलांना तर तो लावूच नये.

एकादशीचा धडा

होळीच्या चार दिवस आधी फाल्गुन शुद्ध एकादशी येते. सणाआधी पोटाला विश्रांती, असा मेळ पंचांगातच दिसतो. पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणही आपलीच. खिचडीच्या एका ताटात साठ ग्रॅम साबुदाण्याच्या दोनशे, मूठभर दाण्याच्या कुटाच्या पावणेदोनशे, तीन चमचे तुपाच्या एकशे पस्तीस, वर बटाटा. साडेपाचशेच्या पुढे आकडा जातो. दोन भाकरी, पिठलं आणि कांदा यांचाही साधारण तेवढाच होतो. फरक असा, की पिठलं-भाकरीने पाच तास भूक लागत नाही आणि साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा, म्हणून दोन तासांत वेफर्सच्या पुडीकडे हात जातो. भगर, दाण्याची आमटी आणि दही असं एकदाच जेवलं, तर तीच एकादशी ताळेबंदात खरोखर जमेची ठरते.

घरातल्या बाईचा वेगळा हिशोब

वरचं गणित पुरुषाचं होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच शिफारशींत बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईची गरज १,६६० कॅलरी आहे. पोळी मात्र दोघांना सारखीच. तिच्यासाठी तीच पोळी दिवसाच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा असते, त्याच्यासाठी पाचवा.

आणि ती जेवते कशी? पहाटेपासून डाळ शिजवणं, पुरण वाटणं, तव्यापाशी दोन तास उभं राहणं, सगळ्यांची पंगत उठल्यावर तीन-साडेतीनला स्वतःचं ताट. तोवर पोटात फक्त चहा. सणाआधी उपाशी राहू नये, हे तिच्याच बाबतीत सर्वांत आधी मोडतं. पुढचे दोन दिवस उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून तेही तीच संपवते. ताळेबंद सांभाळायचा असेल, तर पहिली गोष्ट तिला बाकीच्यांबरोबर पंगतीला बसवण्याची आहे. तव्यावरच्या शेवटच्या पाच-सहा पोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणीही लाटाव्यात.

मग वजन वाढतं कधी?

अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं त्यांच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या सणांच्या आधी आणि नंतर मोजली होती. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सणांच्या त्या काळातली सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम. लोकांना स्वतःला वाटत होतं त्याहून ती बरीच कमी होती. पण सण संपल्यावरही ती म्हणावी तशी उतरली नाही. दर वर्षी अशी थोडीथोडी शिल्लक राहिली, तर दहा वर्षांत कणगीत साडेतीन किलोंची भर.

ही शिल्लक सणाच्या ताटातून येते असं मला वाटत नाही. ती सणाच्या मागच्या दिवसांतून येते. पूर्वी पुरण उरायचं नाही. वाड्यावर सालगडी असायचा, दाराशी मागणारे यायचे, शेजारी वानवळा जायचा, गावातल्या नातलगांकडे पोळ्यांची चवड पोहोचायची. जे उरे ते दुसऱ्या सकाळी दुधाबरोबर संपे, कारण तिसऱ्या दिवशी ते आंबायचं. आज नगर शहरात सावेडीतल्या फ्लॅटमध्ये चार माणसं असतात, सवयीने किलोभर डाळ शिजायला पडते आणि फ्रीज कशालाच आंबू देत नाही.

आकडे मांडून बघा. चार जणांना दुपारी तीन-तीन म्हणजे बारा पोळ्या, एक नैवेद्याची, दोन-तीन शेजारी द्यायला. सोळा झाल्या. त्यांना अर्धा किलोच्या थोडी वर डाळ पुरते. किलोभर घातली, तर बारा-चौदा पोळ्या उरतात आणि रंगपंचमीपर्यंत, मढीच्या यात्रेला निघायच्या दिवसापर्यंत, रोज थोड्याथोड्या बाहेर निघतात. जेवणाऐवजी खाल्ल्या तर बिघडत नाही. पण त्या खाल्ल्या जातात चारच्या चहाबरोबर, जेवणाच्या वर. चौदा पोळ्यांच्या ५,६०० कॅलरी, माणशी १,४००. होळी आणि धुळवड मिळून ताटात जेवढं जादा पडलं होतं, बरोबर तेवढंच पुन्हा एकदा, स्टीलच्या डब्यात झाकून ठेवलेलं.